सेन्योर वसंत

स्पॅनिश अर्जात लिंगाच्या रकान्यापुढे एच आणि एम अशा चौकटी असतात. काकांनी स्वतःच्या अर्जात एमवर खूण केली होती आणि काकूंच्या अर्जात एचवर.

"एम म्हणजे मेल, हे सरळच आहे," ते म्हणाले. "एफ कुठे दिसेना. मग एच म्हणजे हर असणार, असं धरलं."

"काका, एच म्हणजे ओंब्रे, पुरुष. एम म्हणजे मुखेर. बाई."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि अर्ज पुन्हा वाचला. काकू हसायला लागल्या. "म्हणजे यांनी मला पुरुष केलं आणि स्वतः बाई झाले!" हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि आपण इथे कशासाठी आलोय ते त्यांना परत आठवलं.

मी रानडे इन्स्टिट्यूटला स्पॅनिश शिकले, आणि गेली बरीच वर्षं टिळक रोडजवळच्या दोन खोल्यांत बसून भाषांतरं करते. बहुतेक काम कंपन्यांचं: मशीनची मॅन्युअलं, करारनामे, कधी शिकायला जाणाऱ्या पोरांच्या मार्कशीट. घरगुती माणसं क्वचित येतात, आणि आली तर त्यांच्याकडे ती रबरबँड लावलेली प्लास्टिकची फाइल असते. ती फाइल दिसली की मी फोन सायलेंटवर टाकते.

यांचा एकुलता एक मुलगा वालेन्सियाला नोकरी करत होता. फेब्रुवारीत गेला. कसा, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. लग्न झालेलं नव्हतं, मृत्युपत्र नव्हतं. मागे राहिला दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यावरचं थोडं कर्ज आणि बँकेतले पैसे. अशा वेळी तिथल्या कायद्याने आईवडील वारस होतात, दोघांचा वाटा सारखा. पण वारस व्हायचं तर आधी त्या देशाच्या खात्यात तुमची नोंद हवी. म्हणजे निए.

एन, आय, ई या तीन अक्षरांचा एक शब्द करून स्पॅनिश लोक 'निए' म्हणतात. परदेशी माणसाचा ओळख क्रमांक. हा व्हिसा नाही आणि राहण्याचा परवानाही नाही, लोक इथे हमखास गोंधळतात. तिथे पाऊलही न ठेवणाऱ्या माणसाला तो मिळतो आणि काही वेळा घ्यावाच लागतो, कारण कर भरताना हाच क्रमांक चालतो. आपल्याकडचा पॅन म्हणा, फक्त देतं पोलीस खातं. वारसाकराचं विवरण मृत्यूपासून सहा महिन्यांत भरायचं असतं. मुदतवाढ मागता येते, पण तीही पहिल्या पाच महिन्यांच्या आत. आणि हे दोघं माझ्यासमोर बसले होते तेव्हा जून उजाडला होता.

मार्ग दोन. मुंबईच्या स्पॅनिश वकिलातीत स्वतः जाऊन अर्ज द्यायचा, नाहीतर तिथल्या वकिलाला मुखत्यारपत्र द्यायचं. काकूंचे गुडघे पाहता आणि पुढे वारसाची कागदपत्रं तिथल्या नोटरीपुढे करायचीच होती हे पाहता मुखत्यारपत्र बरं. त्यात 'निए मागण्याचा अधिकार' हे शब्द स्पष्ट लिहावे लागतात. 'सर्व प्रकारची कामे' असं मोघम लिहिलेलं मुखत्यारपत्र परत येतं. मग नोटरी, मंत्रालयात गृहखात्याचा शिक्का, परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून लागणारा शिक्का. भारत आणि स्पेन दोघंही अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, नाहीतर प्रत्येक कागद वकिलातीतून फिरवावा लागला असता. आणि शेवटी स्पेनमधल्या शपथबद्ध भाषांतरकाराचं भाषांतर. ती मी नव्हे. माझं भाषांतर फक्त समजून घेण्यापुरतं, हे मी पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकते. नंतर सांगितलं की माणसं हिरमुसतात.

काका भोसरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते. अक्षर असं की छापील वाटावं. अर्जाची प्रिंट काढून घरीच शब्दकोश घेऊन बसले होते आणि लिंगाचा रकाना सोडला तर फारसं चुकले नव्हते. 'स्पेनमधला पत्ता' या ओळीत मुलाच्या फ्लॅटचा पत्ता होता, मजला आणि दरवाजाच्या क्रमांकासकट. 'कारण' या जागी 'एरेन्सिया', वारसा. काकूंनी वडिलांचं आणि आईचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. "किती वर्षांनी आईचं नाव लिहिलं बघ," त्या मला म्हणाल्या. "सगळीकडे नवऱ्याचंच विचारतात."

"तिथे बाई लग्नानंतर आडनाव बदलतच नाही, काकू."

"मग बरं आहे त्यांचं."

घोटाळा होता आडनावांच्या रकान्यांत. अर्जात ते दोन असतात, पहिलं आपेयीदो, दुसरं आपेयीदो, आणि मग नाव. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं, एक बापाकडून, एक आईकडून. आपल्याला नाव, वडिलांचं नाव, आडनाव लिहायची सवय. तीन रकाने दिसले की हात आपोआप तीन भरतो. काकांनी पहिल्या रकान्यात आडनाव टाकलं होतं, ते बरोबर. दुसऱ्यात वडिलांचं नाव. मी सांगितलं, तो रकाना रिकामा ठेवा. पासपोर्टवर आडनावाच्या ओळीत जेवढं आहे तेवढंच आडनाव, बाकी सगळं नावात.

"पण रिकामा ठेवला तर अपूर्ण वाटणार नाही का?"

"परदेशी माणसांचा रिकामाच असतो. भरला की कायमचा चिकटतो."

हे मी सहज बोलून गेले. फाइलमधला पुढचा कागद होता एस्क्रितुरा, मुलाच्या फ्लॅटचं खरेदीखत. पहिलं पान उघडलं आणि मला तेच चिकटलेलं दिसलं.

खरी नावं इथे देत नाही. काकांचं नाव समजा वसंत. खरेदीखतात मुलाचं पहिलं आडनाव होतं वसंत. खरं आडनाव दुसऱ्या क्रमांकावर. कधीतरी कुठल्यातरी काउंटरवर मुलाने पासपोर्टवरची तिन्ही नावं सांगितली असतील, समोरच्याने मधलं उचलून पहिल्या रकान्यात ठेवलं असेल, आणि तिथून ते बँकेत, कराच्या कागदावर, विजेच्या बिलावर सरकत गेलं. फाइलमध्ये वीज कंपनीचं एक पत्र होतं. 'सेन्योर वसंत' अशी सुरुवात.

मला आधी कामाची अडचण दिसली. नोटरीपुढे वारस जाहीर करताना विचारणार, मेलेल्या माणसाचं पहिलं आडनाव वसंत, बापाचं वेगळं, मग हा बाप कशावरून? महापालिकेचा जन्मदाखला वेगळं सांगतो, खरेदीखत वेगळं. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागणार, म्हणजे आणखी एक नोटरी, आणखी एक अपोस्टिल, आणखी दोन-तीन आठवडे. मी हे सगळं भराभरा समजावत होते आणि काका ऐकत नव्हते.

"म्हणजे तिथे त्याला काय म्हणायचे?" त्यांनी विचारलं.

"कुठे?"

"ऑफिसात. बँकेत. शेजारी."

मी म्हटलं, औपचारिक बोलताना पहिल्या आडनावानेच हाक मारतात. म्हणजे सेन्योर वसंत.

"श्री. वसंत."

"हो."

"कधी बोलला नाही." त्यांनी वीज कंपनीचं पत्र हातात घेतलं आणि ते पाठपोट बघितलं, जणू मागच्या बाजूला काही असेल. मग एकदम, "लेटरबॉक्सवर पण हेच असेल का?"

मला माहीत नव्हतं. असू शकेल, असं म्हटलं. काकू खिडकीकडे बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "फोनवर कधीतरी म्हणाला होता, बाबांना तिथे सगळे ओळखतात. मला वाटलं, चेष्टा करतोय."

त्या दिवशी पुढचं काम झालं नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन दोन्ही पासपोर्टांच्या सगळ्या पानांच्या प्रती काढल्या, कोरी पानंसुद्धा, कारण तिकडे ती मागतात. त्याने "कोरी पण?" असं तीनदा विचारलं. वकिलाला मी रात्री मेल केला. त्याचं उत्तर माझ्या अपेक्षेपेक्षा शांत होतं. प्रतिज्ञापत्र पाठवाच, पण खरेदीखतावर निए क्रमांक आहे आणि तोच क्रमांक बँकेत आहे, करखात्यात आहे. नाव सरकलं तरी क्रमांक जागचा हलत नाही. मुदतवाढीचा अर्ज तो वेळेत टाकणार होता.

क्रमांक आले तेव्हा जुलै संपत आला होता. काका प्रमाणपत्रांच्या प्रिंट घेऊन एकटेच आले. निएचा साचा मी त्यांना आधी सांगितला होता: एक अक्षर, सात आकडे, शेवटी एक अक्षर. पहिलं अक्षर एक्स, वाय किंवा झेड. एक्सचे संपले तसे वाय सुरू झाले, मग झेड. शेवटचं अक्षर तपासणीचं. एक्सच्या जागी ०, वायच्या जागी १, झेडच्या जागी २ घ्यायचे, सगळ्या आकड्याला २३ ने भागायचं, आणि जी बाकी उरेल तिचं अक्षर ठरलेल्या तक्त्यात बघायचं. बाकी ० तर टी, १ तर आर, २ तर डब्ल्यू. आय आणि ओ तक्त्यात घेतलेच नाहीत, एक आणि शून्य समजून घोळ होऊ नये म्हणून. काकांना हा प्रकार फार आवडला होता. त्यांनी पाकिटाच्या मागे तिन्ही क्रमांकांचे भागाकार करून आणले होते, कॅल्क्युलेटर न वापरता.

"तिन्ही बरोबर आहेत," ते म्हणाले. "त्याचा वायचा. आमचे दोघांचे झेडचे. या रांगेत तो आमच्या पुढे."

मग फाइलमधून वकिलाने पाठवलेला पुढचा कागद काढला, वारसाकराच्या विवरणासाठीची माहिती. पहिली ओळ मृताची. क्रमांक, पहिलं आडनाव, दुसरं आडनाव, नाव. ही ओळ खरेदीखताप्रमाणेच भरायची असते, आणि ते मी सांगायला तोंड उघडलं. पण काका घरूनच भरून आले होते. पहिल्या आडनावाच्या रकान्यात, त्या छापील अक्षरात, वसंत.