आमच्या सातबाऱ्यावरून जाणारा 18 मीटरचा रस्ता

सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या आमच्या तालुक्याच्या गावात रेल्वे स्टेशन एका टोकाला आहे आणि एसटी स्टँड दुसऱ्या टोकाला. दोहोंना जोडणारा 18 मीटर रुंदीचा सरळ रस्ता 1990च्या दशकात मंजूर झालेल्या विकास योजनेत, म्हणजे गावातली कोणती जागा कशासाठी हे ठरवणाऱ्या नकाशात, दाखवलेला होता. प्रत्यक्षात मात्र गाडीतून उतरलेला माणूस बाजारपेठेतून वळसा घालून, रिक्षाला पैसे मोजून स्टँडवर पोहोचतो आणि तोवर त्याची बस बहुधा निघून गेलेली असते. मी टपाल खात्यात नोकरी केली आणि नोकरीची बरीचशी वर्षे जळगावला अप-डाऊन करण्यात घालवली, त्यामुळे हा वळसा मला पायांनी ठाऊक आहे. तो मंजूर रस्ता आमच्याच एक एकर कापसाच्या शेतातून जाणार होता. वडिलांच्या पश्चात त्या सातबाऱ्यावर माझे आणि थोरल्या भाऊंचे नाव लागले आणि रस्त्याचा प्रश्नही वारसाहक्काने आमच्याकडे आला.

सुरुवातीला माझा विचार इतर शेजाऱ्यांसारखाच होता. जागा रस्त्यासाठी राखून ठेवलेली, म्हणजे आरक्षित होती; त्या आरक्षणामुळे शेत बिनशेती करता येत नव्हते, विकायला काढले तर गिऱ्हाईक नकाशा पाहून परत जात होते आणि नगरपरिषद ना रस्ता करत होती ना मोबदला देत होती. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 याच्या कलम 127 मध्ये अशा मालकांसाठी एक वाट ठेवलेली आहे. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नियोजन प्राधिकरणाला (आमच्याकडे नगरपरिषदेला) जमीन विकत घ्या अशी खरेदी सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप उठते. हा कालावधी 2015 च्या दुरुस्तीपासून 24 महिन्यांचा आहे. आमची दहा वर्षे केव्हाच उलटून गेली होती. भाऊंनी वकील गाठले, सूचनेचा मसुदा तयार झाला आणि सही करण्यापूर्वी वकिलांनी एवढेच सुचवले की, या रस्त्याबाबत नगरपरिषदेने आजवर काय केले याची कागदपत्रे आधी माहिती अधिकारात मागवून घ्यावीत.

अर्ज मी लिहिला. महाराष्ट्राच्या 2012 मधील नियमदुरुस्तीनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारणपणे 150 शब्द एवढीच मुभा आहे, त्यामुळे प्रश्न नेमका करावा लागला: मंजूर विकास योजनेतील या रस्त्यासाठी कोणकोणत्या गटांतील जमीन ताब्यात आली, कोणत्या मार्गाने आली आणि त्यापैकी किती लांबी वाहतुकीस खुली आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज दिला, पोचपावतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. टपालातल्या माणसाला पोचपावतीची किंमत कोणी सांगावी लागत नाही. पण कार्यालयांच्या दारात अर्ज नुसता ठेवून परतणारी माणसे मी इतकी पाहिली आहेत की, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवते.

तिसाव्या दिवशी उत्तर आले की माहिती विस्तृत स्वरूपाची असून संकलित उपलब्ध नाही. अपिलासाठीचे पुढचे तीस दिवस हातात असतानाच मी वीस रुपयांचा स्टँप लावून पहिले अपील केले. अपिलाच्या सुनावणीत मी प्रतींचा आग्रह सोडला आणि अभिलेख पाहू देण्याची मागणी केली. अभिलेखाच्या अवलोकनाचा पहिला तास विनाशुल्क असतो आणि हव्या त्या पानांच्या प्रती नंतर दोन रुपये पानाप्रमाणे मिळतात. ही मागणी लगेच मान्य झाली.

त्या अवलोकनाने माझे मत बदलले. टेबलावर मंजूर नकाशा, मंजूर अभिन्यासांच्या, म्हणजे भूखंड पाडण्याच्या आराखड्यांच्या, फायली आणि ताबा पावत्या होत्या. एका तरुण अभियंत्याने फार आपुलकीने प्रत्येक गट नकाशावर दाखवला. मी समजत होते तसा हा रस्ता अजिबात झालेला नव्हता, असे नव्हतेच. स्टँडच्या बाजूने आणि स्टेशनच्या बाजूने जसजशी शेते बिनशेती होऊन अभिन्यास मंजूर होत गेले, तसतसा विकास योजनेतील रस्त्याचा त्या त्या गटातला भाग नगरपरिषदेकडे आला होता आणि बहुतेक ठिकाणी त्यावर खडी व डांबर पडलेले होते. गाव वाढते त्या क्रमाने रस्ता तुकड्या-तुकड्याने तयार होतो, ही आपल्याकडची जवळजवळ सर्वत्र चालणारी रीत आहे आणि तिच्यातच तिची अडचण आहे: जेथे अभिन्यास येत नाही तेथे रस्ताही येत नाही. आमच्या रस्त्याचे मधले तीन गट तेवढे उरले होते. त्यांतला एक आमचा होता. वर्षानुवर्षे ज्या वळशाला मी नगरपरिषदेची दिरंगाई समजत होते, त्या वळशाच्या मध्यभागी आमचेही कापसाचे शेत उभे होते.

आम्ही खरेदी सूचना दिली असती आणि मुदत संपून आरक्षण उठले असते, तर उरलेल्या दोघांनीही तेच केले असते. मग दोन्ही बाजूंनी येऊन मध्येच संपणारे दोन रस्ते कायमचे तसेच राहिले असते. मी सही केली नाही. भाऊ संतापले. "जमीन आपली शे ना, मंग रस्ता कसाले मांगी ऱ्हायनी तू?" असे त्यांनी विचारले आणि त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला पुढे बरेच महिने लागले. त्यांचा राग अनाठायी नव्हता. ज्याची जमीन अडकते त्याला वीस वर्षांत कोणी साधे पत्रही पाठवत नाही आणि मग त्यानेच गावाचा विचार करावा अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे, हे मला आजही वाटते. म्हणून मी त्यांना एकच शब्द दिला की रस्ता मागेन, पण मोबदला सोडणार नाही.

याच सुमारास सुधारित प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली. वीस वर्षांतून किमान एकदा योजनेची फेरतपासणी करावी असे त्याच नगररचना अधिनियमाचे कलम 38 सांगते. वीस वर्षांचे हे माप आपल्याकडे जुने आहे. 1943 मध्ये नागपूरला मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत देशातील रस्त्यांची पहिली दीर्घ योजना ठरली, तीही वीस वर्षांचीच होती आणि आपल्या राज्याच्या रस्ते विकास योजनाही 1981 ते 2001, 2001 ते 2021 अशा वीस वर्षांच्याच टप्प्यांनी आल्या. हरकती व सूचनांसाठी मात्र नागरिकाच्या वाट्याला कलम 26 नुसार 30 दिवस येतात. माहिती अधिकारातील उत्तराची मुदतही 30 दिवसांचीच असल्यामुळे, सूचना प्रसिद्ध झाल्यावर माहिती मागवू असे म्हणणाऱ्याच्या हाती उत्तर पडेपर्यंत हरकतीची मुदत संपलेली असते. माझ्या हातात कागद आधीच होते, हा निव्वळ योगायोग होता.

नगरपरिषदेच्या सभागृहात नकाशा लावला होता आणि त्यात आमचा 18 मीटरचा रस्ता 12 मीटरचा झाला होता. आजूबाजूचे मालक समाधानी होते, कारण प्रत्येकाची काही जमीन मोकळी होत होती. आमच्या शेतात रस्त्याची लांबी 60 मीटर येते. 18 मीटर रुंदीला 1,080 चौरस मीटर, म्हणजे साडेदहा गुंठ्यांहून थोडी अधिक जमीन जात होती, ती आता 720 चौरस मीटर, म्हणजे सात गुंठ्यांवर आली होती.

मी घरी बसून वेगळा हिशेब मांडला. दोन बस समोरासमोरून सुखाने जायच्या तर दोन पदरी डांबरी भाग 7 मीटरचा लागतो. पदपथ कमीत कमी 1.8 मीटर मोकळा असावा असे भारतीय रस्ते परिषदेचे मानक आहे, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून 3.6 मीटर झाले. बेरीज 10.6 मीटर होते आणि 12 मीटरच्या रस्त्यात दोन्हीकडच्या गटारी, विजेचे खांब, झाडे, बसथांबा आणि उभ्या राहणाऱ्या रिक्षा या सगळ्यांसाठी 1.4 मीटर उरतो. अशा रस्त्यावर काही दिवसांतच पदपथ नाहीसा होतो आणि नंतर बस येणे बंद होते. स्टेशन आणि स्टँड यांना जोडण्यासाठी जो रस्ता आखला, त्याच्यावरून बसच जाणार नसेल, तर तो केवळ घरांपुढचा रस्ता ठरेल, असे मी हरकतीत लिहिले. सोबत अवलोकनात मिळालेल्या ताबा पावत्यांच्या प्रती जोडल्या आणि तीन मागण्या केल्या: रुंदी 18 मीटरच राहावी, स्टेशनच्या टोकाला बस वळण्यापुरती जागा राखावी आणि मागील योजनेतील प्रत्येक रस्त्याची किती लांबी खुली झाली याचे परिशिष्ट नव्या योजनेच्या अहवालाला जोडावे.

तिसऱ्या मागणीबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची होती. खान्देशात आपण दळणवळणाच्या कामांची प्रगती मंजुरीवरून मोजायला शिकलो आहोत. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या ऐकत माणसे म्हातारी झाली; 16 फेब्रुवारी 2019 रोजी धुळ्यात धुळे-नरडाणा मार्गाची पायाभरणी झाली आणि 2 सप्टेंबर 2024 रोजी 309 किलोमीटरच्या, 18,036 कोटी रुपये खर्चाच्या संपूर्ण मनमाड-इंदूर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली, तेव्हा आमच्या गल्लीतही पेढे वाटले गेले. त्या आनंदात मीही होते. परंतु प्रस्तावित, मंजूर, भूमिपूजन झालेला, प्रगतिपथावर असलेला आणि खुला हे पाच निरनिराळे टप्पे आहेत आणि प्रवाशाला यांपैकी फक्त शेवटचा उपयोगी पडतो. उधना-जळगाव मार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण 2019 च्या त्याच कार्यक्रमात राष्ट्राला अर्पण झाले, म्हणजे रुळांवरचे काम शेवटच्या टप्प्याला पोहोचले. त्या रुळांवरून आलेल्या माणसाला स्टँडपर्यंत नेणारा रस्ता मात्र तीन गटांसाठी अडून राहिला होता.

सुनावणी नियोजन समितीपुढे झाली. कलम 28 नुसार या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत जाणकार असतात. सकाळी अकराची वेळ होती आणि माझा क्रमांक दुपारी तीननंतर लागला. बहुतेक हरकती आपल्या जमिनीवरील आरक्षण काढा अशा होत्या, त्यामुळे माझ्या अर्जाचा विषय वाचल्यावर एका सदस्यांनी "ताई, जमीन तुमचीच आहे ना?" असे दोनदा विचारून खात्री करून घेतली. नंतर त्यांनी मला पुरेसा वेळ दिला. 7 आणि 3.6 यांची बेरीज त्यांनी स्वतः कागदावर करून पाहिली. बसविषयी मात्र समितीचे म्हणणे असे पडले की, बसफेऱ्या हा आपल्या कक्षेतला विषय नाही. त्यापूर्वी मी आगारात गेले होते, तेव्हा तेथे सांगण्यात आले होते की रस्ता झाल्याशिवाय फेरीचा विचार करता येत नाही. रस्ता एका कार्यालयाने आखायचा आणि बस दुसऱ्याने चालवायची, अशा व्यवस्थेत दोघांचे कागद एकमेकांना भेटत नाहीत. मोठ्या शहरांना तरी काही आधार आहे. केंद्राची 2023 ची पीएम ई-बस सेवा योजना प्रामुख्याने 3 लाखांवर लोकसंख्येच्या शहरांसाठी असल्याने जळगाव-धुळ्यासारखी शहरे त्या निकषात बसतात, तालुक्याची गावे बसत नाहीत. आमच्याकडे एसटी हीच सार्वजनिक वाहतूक आहे आणि मार्च 2023 पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळू लागल्यावर स्टँडवर बायकांची गर्दी किती वाढली, हे कोणीही जाऊन पाहावे.

समितीच्या अहवालानंतरच्या फेरबदलांत आमचा रस्ता 15 मीटरचा झाला. बस वळण्याची जागा स्टेशनच्या टोकाला वाहनतळाच्या आरक्षणात सामावून घेतली गेली. परिशिष्टाची मागणी "नोंद घेण्यात आली" एवढ्या शेऱ्यावर थांबली आणि त्याचे मला मनापासून दुःख आहे. शासनाच्या मंजुरीला पुढे बराच काळ गेला. त्या काळात सांगण्यासारखे काही घडले नाही, मी दर दोन-तीन महिन्यांनी नगररचना कार्यालयात जाऊन फाईल कोठे आहे ते विचारत असे.

मंजुरीनंतर मोबदल्याचा प्रश्न आला. नगरपरिषदेने प्रथम हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे रोख पैशांऐवजी दुसऱ्याला विकता येणारा वाढीव बांधकामाचा हक्क, देऊ केले. मोठ्या शहरात त्याला बाजार असतो. आमच्या गावात दोन मजल्यांवर कोणी बांधत नाही, तेथे वाढीव बांधकामाचा हक्क विकत कोण घेणार? म्हणून कलम 126 मधील वाटाघाटीने रोख मोबदल्याचा पर्याय आम्ही लेखी मागितला आणि 2013 च्या भूसंपादन कायद्यातील, बाजारमूल्याशिवाय वर मिळणाऱ्या दिलासा रकमेसह हिशेब करावा असे नमूद केले. या टप्प्यावर भाऊ माझ्याबरोबर आले. बाजारमूल्याचे उतारे त्यांनीच काढून आणले आणि उरलेल्या दोन गटांच्या मालकांना आमच्या ओट्यावर बोलावून, तिघांचा अर्ज एकत्र दिला तर दर एकच लागेल हे त्यांना समजावले. मला ते दोन वर्षांत जमले नव्हते.

गेल्या मार्चमध्ये संयुक्त मोजणी झाली. भूमी अभिलेख कार्यालयाच्या भूकरमापकाने हद्दीच्या खुणा दिल्या, कापूस निघालेल्या रिकाम्या वावरात 15 मीटरच्या अंतराने दगडांच्या दोन ओळी रोवल्या गेल्या आणि 900 चौरस मीटरचा पट्टा आमच्या डोळ्यांसमोर वेगळा झाला. फितीचे एक टोक भाऊंनी धरले होते. मोबदल्याचा प्रस्ताव सध्या लेखा विभागात आहे. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आल्यावर तिची एक प्रत जोडून मी आगारात नवा अर्ज दिला असून, सकाळी जळगावकडून येणाऱ्या गाडीच्या वेळेला स्टेशन ते स्टँड अशी एक फेरी रस्ता खुला होताच सुरू करावी, अशी त्यात विनंती केली आहे. या वेळी आगारातील लिपिकांनी नकाशा मागून घेतला आणि वळणाच्या जागेची मापे आपल्या वहीत उतरवली.