जुळणीचा रकाना : आमच्या छापखान्याची वाटचाल

सांगलीत हरभट रोडच्या आतल्या बोळात आमचा छापखाना आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दोन भागीदारांनी एक डेमी फोलिओ ट्रेडल (छोटं छपाईयंत्र), चौदा केस टाइप (खणांच्या लाकडी पेट्यांतली शिशाची सुटी अक्षरं) आणि उधारीवरचा कागद एवढ्यावर तो सुरू केला. मस्टर (हजेरीपट), जॉब कार्ड, गेट पास, ओव्हरटाइमच्या स्लिपा, चलनबुकं, असं कारखान्याच्या टाइम ऑफिसाला लागणारं सगळं आम्ही छापलं. लग्नपत्रिका कधी मनापासून केल्या नाहीत. त्यात गणपतीचे ब्लॉक सांभाळण्यातच नफा जातो. मधली तीस-पस्तीस वर्षं काम चाललं, कामगारांचे पगार झाले. त्यावर सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते पुराबद्दल. २००५ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा दुकानात कुठवर आलं त्याची खूण आम्ही भिंतीवर लाल ऑइलपेंटने केली होती. त्यानंतर कागदाचे रॅक, टाइपच्या केसा, मोटर, सगळं त्या रेषेच्या वीतभर वर उचलून घेतलं आणि निर्धास्त झालो. ऑगस्ट २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. आमची लाल रेघ पाण्याखाली कुठे राहिली ते कळलंही नाही.

पुरात छापखान्याचं काय होतं हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ट्रेडलचं बीड (ओतीव लोखंड) बुडून मोडत नाही, पण गाळ बेअरिंगमध्ये आणि तेलाच्या भोकांत बसतो आणि सुकला की दगड होतो. म्हणून पाणी उतरायची वाट न बघता, उतरत असतानाच स्वच्छ पाण्याने धुवायला लागायचं, नंतर रॉकेल, नंतर तेल, आणि चाक रोज हाताने फिरवत राहायचं. मोटरला लगेच करंट देऊ नये. वाइंडिंग सुकवून, वार्निश करून, मेगर या मीटरवर इन्सुलेशन तपासून मगच. सरसाचे जुने रोलर फुगून जिलेबीसारखे झाले, ते टाकले. कागद ओला झाला की फुगतो आणि रॅकच्या पट्ट्या फोडतो. आमचे दोन रॅक त्यानेच उघडले, पाण्याने नाही. सगळ्यात वाईट हाल केसांचे. लाकूड फुगल्यामुळे खण बाहेर येत नव्हते. उन्हात ठेवले असते तर तडकले असते, म्हणून सावलीत, खाली पट्ट्या देऊन, तीन आठवडे. टाइपमध्ये शिसं, अँटिमनी, कथील. शिशावर पांढरी भुकटी चढते. ती अक्षराच्या पायावर असेल तर ब्रशने निघते, पण अक्षराच्या तोंडावर चढली असेल तर तो टाइप गेला, कारण घासला की बारीक रेषा जाते. देवनागरीत तर वेलांटी आणि रफार आधीच बाहेर लटकलेले. आमच्या टाइपातल्या निम्म्या वेलांट्या साफ करतानाच मोडल्या. जवळपास ६० टक्के टाइप भंगारात किलोवर गेला. शिशाला भाव होता हीच काय ती मेहरबानी.

पुराच्याच आठवड्यात आमच्याच व्यवसायातल्या एका गृहस्थांनी कुपवाड एमआयडीसीत जाऊन आमच्या गिऱ्हाइकांना सांगितलं की, ‘ते संपले, आता ऑर्डर आमच्याकडे द्या.’ त्यांचं दुकान उंचावर, ऑफसेट मशीन कोरडं. धंद्यात असं चालतं म्हणून लोक सोडून देतात. आम्ही सोडलेलं नाही. त्यांनी दिलेला दर आम्हाला नंतर कळला: इम्प्रेशनवर (मशीनच्या दर छापावर) पैसे, जुळणी (अक्षरं-रेघा मांडून पान तयार करणं) फुकट. त्या एका वाक्याने या गावातल्या सगळ्या छापखान्यांचं कंबरडं मोडलं. जुळणी फुकट म्हणजे अर्ध्याहून जास्त काम फुकट, आणि गिऱ्हाइकाला एकदा ती सवय लागली की सुटत नाही.

एकच गिऱ्हाईक हललं नाही. कुपवाडच्या एका फाउंड्रीतले टाइमकीपर, आता निवृत्त. त्यांच्याकडे बोटाचा ठसा घेणारं मशीन बसलं तरी ते वर्षाला दोन मस्टर आणि पाचशे जॉब कार्डं घेतच राहिले. ठसा भट्टीवर काम करणाऱ्या हातांचा उमटत नाही, हे त्यांचं कारण. भट्टीवरच्या माणसाची बोटं गुळगुळीत होतात. पुरानंतरची पहिली ऑर्डर त्यांची, आणि तीही आगाऊ रक्कम देऊन. नव्या मुलांना एवढंच सांगू: निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कागद कापू नका, आणि प्रूफवर सही घेतल्याशिवाय फॉर्मा (जुळवून आवळलेलं पान) मशीनवर चढवू नका. सही नसेल तर चूक तुमची.

अलीकडच्या एका कलाप्रदर्शनाचं काम याच मस्टरांमुळे आलं. पुण्या-मुंबईचे आणि एक मिरजेची, असे पाच-सहा चित्रकार आणि डिझायनर. विषय असा की माणसाचं काम मोजायचं कोणी ठरवलं, आणि जास्त काम म्हणजे चांगलं काम हे कुठून आलं. त्यांच्या फलकांचा मजकूर आमच्याकडेच जुळवायला आला, त्यामुळे वाचावा लागला. अमेरिकेत टेलर नावाच्या इंजिनिअरने घड्याळ लावून एका मजुराकडून दिवसाला साडेबारा टनांऐवजी ४७ टन लोखंड उचलून घेतल्याचं त्याने १९११ च्या पुस्तकात लिहिलंय. मजुरी वाढली १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंटवर. कामाची चौपट आणि पैशाची दीडपट, हे गणित आमच्या गावातल्यांनाही येतं. त्याच फलकावर शेजारी किर्लोस्करवाडी, १९१० ची, कुंडल रोड स्टेशनजवळची. ते आमच्या सांगण्यावरून घातलं. दुसऱ्या फलकावर न्यूयॉर्कमधला कलाकार तेहचिंग शिए. त्याने एप्रिल १९८० ते एप्रिल १९८१ दर तासाला, रात्रीसुद्धा, हजेरीच्या घड्याळात कार्ड पंच केलं. ८,७६० वेळा करायचं होतं, १३३ चुकले. आणि मियर्ल लेडरमन युकलीस या बाई, ज्यांनी १९६९ ला झाडलोट-धुणी-भांडी हीच कला असा जाहीरनामा काढला आणि पुढे न्यूयॉर्कच्या ८,५०० सफाई कामगारांशी एकेक करून हात मिळवले. हे सगळं ठीक. आम्हाला मुख्य काम होतं ते मस्टरचं.

भिंतीवर बारा महिन्यांचे बारा मस्टर, आणि लोकांनी घरी नेऊन भरायला सुटे कागद. माणसांच्या नावांच्या जागी कामांची नावं येणार: पाणी भरणे, डबा करणे, रांगेत थांबणे. पूर्वी मस्टरच्या रेघा रूलिंग मशीनवर पितळी निबांनी ओढून यायच्या आणि आम्ही वर फक्त हेडिंग छापायचो. ते मशीन आता गावात चालू नाही, म्हणून रेघाही ट्रेडलवर, पितळी रुळांनी (रेघ उमटवणाऱ्या पट्ट्यांनी).

मस्टर दोन पानांत बसतो. एम म्हणजे आमचं १२ पॉइंटचं माप, इंचाचा साधारण सहावा भाग. डावीकडे अनुक्रमांक ४ एम, नाव २४ एम, १ ते १५ तारखा प्रत्येकी ४ एम. बेरीज ८८ पायका एम. उजवीकडे १६ ते ३१ च्या तारखा ६४ एम, एकूण ६, ओव्हरटाइम ६, आणि शेवटचा रकाना १२; हेही ८८. कागदावर बरोबर आलं म्हणून खूश होऊ नका. रूळ २ पॉइंट जाड. डाव्या पानावर आत १६ उभे रूळ, म्हणजे ३२ पॉइंट. उजव्या पानावर १८, म्हणजे ३६. ही जाडी रकान्यांच्या मापातून कमी केली नाही की दोन्ही पानांत ४ पॉइंटचा फरक पडतो आणि भिंतीवर जोडल्यावर लांबूनही डोळ्यात खुपतो. डिझायनर मुलांनी संगणकावर रेघा शून्य जाडीच्या धरल्या होत्या.

उभे आणि आडवे रूळ एका फॉर्म्यात एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. तुकडे करून जोडले तर प्रत्येक सांध्यावर पांढरा ठिपका. म्हणून उभे रूळ हेडिंगसकट एका फॉर्म्यात, आडवे दुसऱ्यात, कागद दोनदा मशीनमधून, म्हणजे दोन पास. आडवा फॉर्मा दोन्ही पानांना एकच, म्हणजे एकूण तीन फॉर्मे. चेसमध्ये (लोखंडी चौकटीत) बसवताना फर्निचर (मोकळी जागा भरणाऱ्या पट्ट्या) आधी चारी बाजूंनी हलकं, मग क्वॉइन (आवळायच्या पाचरी) आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. एक बाजू आधी घट्ट केली की फॉर्मा मधे कमानीसारखा उठतो आणि क्वाड (कोरी जागा भरणारे तुकडे) वर येऊन कागदावर काळे चौकोन उमटतात. आवळल्यावर चेसचा एक कोपरा उचलून बोटाने टाइप दाबून बघायचा. एकही अक्षर हललं तर परत उघडायचा. पॅकिंग, म्हणजे छापताना कागदामागे असतात ते थर, कडक आणि पातळ. मऊ पॅकिंगवर रूळ कागदात रुततो आणि मागच्या बाजूला शिवणीसारखा उठतो. जिथे रूळ फिका तिथे मागून टिश्यूचा तुकडा, तो कुठे लावला ते पेन्सिलीने खुणावून. फाडून न्यायच्या कागदांना परफोरेशन होतं. त्याची दातेरी पट्टी शाईच्या पासात कधीही घेऊ नये, रोलर कापतो. रोलर काढून वेगळा पास घ्यायचा. नंबरिंगचे बॉक्स उलटे मोजणारे लावले, म्हणजे गठ्ठा सुलटा राहतो आणि पहिला नंबर वर येतो.

पहिल्या पासानंतर कागद दिवसभर त्याच खोलीत ठेवला. हवेत ओल असली की कागद तंतूंच्या आडव्या दिशेला वाढतो आणि दुसऱ्या पासात रेघा सरकतात. डावी ३०० आणि उजवी ३०० पानं, दोन-दोन पास, म्हणजे १,२०० इम्प्रेशन. हाताने कागद घालत तासाला आठशेच्या वेगाने दीड तास. परफोरेशनचा अर्धा तास वेगळा. आणि जुळणी, आवळणी, पॅकिंग, रजिस्टर (दोन्ही पासांच्या रेघा एकमेकींशी जुळवणं) मिळून सोळा तास. हे कामाच्या वहीतून वाचून दाखवल्यावर मिरजेच्या मुलीने उजव्या पानाच्या शेवटच्या १२ एमच्या रकान्याचं नाव बदलायला सांगितलं: तिथे ‘सही’ होतं, तिथे ‘जुळणी’ घाला. घातलं. अनुभवाने सांगतो, जुळवलेल्या हेडिंगमध्ये शब्द बदलणं म्हणजे नुसती अक्षरं बदलणं नसतं. ‘सही’ आणि ‘जुळणी’ यांची रुंदी वेगळी, दोन्ही बाजूंचे क्वाड नव्याने भरावे लागतात.

प्रदर्शनात कार्ड पंच करायचं घड्याळही होतं. त्याची कार्डंही आमचीच, २०० जीएसएमची (दर चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या कागदाची). येणाऱ्याने कार्ड पंच करून आत जायचं, काही न करता बाकावर बसायचं, बाहेर येऊन पुन्हा पंच. २०० जीएसएमहून पातळ कार्ड खाचेत दुमडतं, आणि जाड असेल तर अडकून रिबन वर ओढतं. रात्री वीज जाऊन घड्याळ मागे पडलं की दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या वेळा खोट्या, म्हणून यूपीएस लावायला सांगितलं. पहिल्या दिवशी लावला नव्हता. चाळीस मिनिटं मागे होतं. टांगणीबद्दलही कोणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं: फलकाचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा, आणि काच असेल तर दिवा तिरका.

टाइमकीपर काका दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी कार्ड पंच केलं, बाकावर बसायला नकार दिला आणि सरळ मस्टरपुढे उभे राहिले. सगळे रकाने बोटाने मोजले. म्हणाले, “काय ओ मालक, एकतीस दिवस हाईत, ओव्हरटाइम हाय, सहीला जागाच न्हाई? मग पगार कुणाच्या हातात दिला म्हणायचं?” डिझायनर मुलं हसली. ते हसण्यासारखं नव्हतं. १९४८ च्या कारखाने कायद्याने ओव्हरटाइम दुपटीने ठरवला होता, आणि तो मिळाला की नाही याचा पुरावा आमच्या मस्टरांत त्या सहीच्या चौकोनातच असायचा.

दारावर आभाराचा फलक होता. बाहेरच्या फ्लेक्स बॅनरचं काम वर सांगितलेल्या गृहस्थांकडे गेलं होतं, चौरस फुटावर. त्यांचं नाव वर, मोठ्या अक्षरात. आमचं खाली ‘मुद्रण साहाय्य’ या मथळ्याखाली, चहावाल्याच्या आधी.

बिल चार ओळींचं केलं: जुळणी, छपाई, कागद, परफोरेशन-नंबरिंग. आठ दिवसांनी फोन आला की बजेट थोडं ताणलंय, तर पहिली ओळ कमी करता येईल का. केली नाही. रक्कम अडीच महिन्यांनी आली, पूर्ण. तिन्ही फॉर्मे अजून सोडलेले नाहीत, दोऱ्याने बांधून गॅलीवर (टाइप ठेवायच्या ट्रेवर) ठेवलेत, उजव्या पानाच्या शेवटच्या रकान्यात ‘जुळणी’ तशीच. काकांनी फाउंड्रीच्या नव्या माणसाला आमच्याकडे पाठवलंय, पुढच्या वर्षाच्या मस्टरसाठी. त्याला ‘सही’ हवी आहे.