तुम्ही विचारलंत म्हणून: मीठ विष का नाही?

उच्च माध्यमिकला तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तरी एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. फोंड्याच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, परवा तर कदंबच्या बसमध्ये एका विद्यार्थ्याच्या आईने विचारला: "सर, सोडियम पाण्यात पेट घेतं, क्लोरीन विषारी वायू. मग दोघांचं झालेलं मीठ आपण रोज खातो ते कसं?"

सुरुवातीला माझं उत्तर ठरलेलं असायचं: विषानं विष मरतं. वर्ग हसायचा, तास संपायचा. उत्तर साफ चूक होतं. कार्बन आणि ऑक्सिजन आपल्या अंगात ठासून भरलेले आहेत. पण बंद खोलीत कोळसा धुमसत राहिला, तर त्या दोघांचंच कार्बन मोनॉक्साइड होतं आणि माणूस झोपेतच जातो. तेव्हा विष अणूच्या नावात शोधू नये. त्याच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचं काय चाललंय ते बघावं.

सोडियमचे इलेक्ट्रॉन 11. आत 2, मग 8, आणि सगळ्यात बाहेर एकटा 1. तो एकटा त्याला नकोसा असतो. (अणूला हवं-नको काही नसतं, पण वर्गात असंच बोलावं लागतं.) क्लोरीनकडे 17, बाहेरच्या कवचात 7, म्हणजे एक कमी. एकाची देण्याची घाई, दुसऱ्याची घेण्याची. ही घाई काय असते ते मी एकदा अंगावर घेतलंय. प्रात्यक्षिकाला सोडियमचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो. मी गप्पांच्या नादात वालाएवढा कापला. रॉकेलमधून काढून पाण्यात टाकला, तशी त्याची गोळी होऊन सुरसुरत धावली, पिवळी ज्योत, आणि फट्! काचेचं भांडं तडकलं, मनगटावर कॉस्टिक सोड्याचे थेंब उडाले. दोन दिवस चुरचुरत होतं.

मिठात ही देवघेव आधीच उरकलेली असते. आपण सोडियमचा धातू खात नाही, इलेक्ट्रॉन देऊन शांत झालेला आयन, म्हणजे भार असलेला अणू, खातो. आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ भिंगाखाली धरून बघा. खडा मळकट असेल, पण कोपरे काटकोनात. आत प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड (इलेक्ट्रॉन घेतलेलं क्लोरीन) आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. अमुक सोडियम अमक्या क्लोराइडचा, अशी जोडी कुठेच नसते; फळ्यावर आम्ही काढतो ती सोयीपुरती. (पावसाळ्यात बरणीत पाणी सुटतं, त्याचा दोष मुख्यतः सोबत आलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडचा.)

हे बांधकाम नुसत्या उष्णतेनं वितळवायचं तर 801 अंश सेल्सियस लागतात. हुमणात, म्हणजे आमच्या माशाच्या आमटीत टाकलं, तर ढवळेपर्यंत सुटं. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची किंचित धन. असे रेणू एकेका आयनाला घेरून ओढून नेतात. शरीराला मीठ हवं असतं ते याच सुटेपणासाठी. सलाइनच्या एक लिटर बाटलीत 9 ग्रॅम मीठ असतं, तेही सुटंच. मज्जातंतूच्या पेशीबाहेर सोडियमचे आयन गर्दी करून असतात. पडद्यातली दारं उघडली की आत घुसतात आणि संदेश पुढे सरकतो. हे वाचताना तुमच्या डोळ्यापासून मेंदूपर्यंत तेच चाललंय.

अर्थात अंगातली प्रत्येक गाठ अशी पाण्यात सुटली असती, तर पहिल्या पावसात आपण मांडवी नदीला मिळालो असतो. तिथे कार्बन कामाला येतो. तो इलेक्ट्रॉन देतही नाही, घेतही नाही. चार शेजाऱ्यांशी भागीदारी करतो. प्रथिनांच्या लांबच लांब साखळ्या या भागीदारीवर टिकतात. पण साखळीला घडी पडते ती बऱ्याच अंशी हायड्रोजन बंधांनी, म्हणजे किंचित धन हायड्रोजन आणि जवळचा किंचित ऋण अणू यांच्यातल्या ओढीनं. पाण्यातला असा बंध म्हणाल तर रेणूच्या आतल्या पक्क्या बंधाच्या साधारण विसाव्या हिश्शाच्या ताकदीचा. इसवणाच्या (सुरमईच्या) कापावर लिंबू पिळून ठेवा. विस्तवाचा संबंध नाही, तरी कडा पांढुरक्या होतात. साखळी तुटलेली नसते, घडी उलगडलेली असते. तव्यावरही आधी हेच होतं. मग उलगडलेले धागे एकमेकांत असे गुंततात, की शिजलेला मासा पुन्हा कच्चा होत नाही.

बसमधल्या बाईंना इथवर सांगेपर्यंत त्यांचा थांबा आला. उतरता उतरता म्हणाल्या, "ते सगळं खरं सर, पण मीठ कमी करायचं की नाही?"

आमच्या घरी वर्षभर हुमण अळणीच असतं. माझं बीपी वाढलंय.