अर्धं रिकामं टेबल

उपकरणांत बसणाऱ्या सॉफ्टवेअरचं आमचं काम. अपडेट कॉम्प्रेस करून पाठवायचं आणि उपकरणातल्या छोट्याशा डिकोडरने ते उलगडायचं. डिकोडर आमच्याच टीमचा, झिप आणि पीएनजी फाईलींमध्ये असते त्याच डिफ्लेट पद्धतीचा. एके दिवशी टेस्टिंगमधून तक्रार आली की नवा बिल्ड एका ग्राहकाची फाईल ‘टेबल सदोष’ म्हणून परत पाठवतोय. तीच फाईल डेस्कटॉपवर बिनबोभाट उघडत होती.

नव्या बिल्डमध्ये डिकोडरला हात लावलेली जागा एकच होती: टेबल, म्हणजे कोणत्या बिटांचा अर्थ कोणतं चिन्ह याचा तक्ता, बांधण्याआधीची तपासणी. तिला कारणही होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रांच्या लायब्ररीत मोठी सुरक्षा-त्रुटी उघड झाली, ती नेमकी डिकोडिंग टेबल बांधणाऱ्या भागात. टेबलाला किती जागा लागेल याचा हिशोब ‘फाईलमधले कोड धड असतील’ असं गृहीत धरून आधीच केलेला होता. मुद्दाम बिघडवलेली फाईल दिली की लिखाण त्या जागेबाहेर जायचं. कोड सदोष आहेत हे कळायचं, पण सगळं लिहून झाल्यावर. ते वाचून आमच्याकडेही तपासणी कडक झाली.

तपासणी कसली, ते सांगायला हवं. डेव्हिड हफमनने १९५२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड कोड मिळतो, क्वचित येणाऱ्याला लांब. डिफ्लेटच्या फाईलमध्ये हे कोड लिहिलेले नसतात. असते ती प्रत्येक कोडची लांबी, जास्तीत जास्त १५ बिट. तेवढ्यावरून डिकोडर टेबल उभं करतो. एकेक बिट वाचत बसायला वेळ लागतो, म्हणून पुढचे नऊ बिट एकदम बघायचे आणि ५१२ घरांपैकी त्या आकड्याच्या घरात डोकवायचं. चिन्ह कोणतं आणि खरे बिट किती खर्ची पडले, दोन्ही तिथेच लिहिलेलं असतं. तीन बिटांच्या कोडच्या वाट्याला ६४ घरं येतात, कारण उरलेले सहा बिट काहीही असू शकतात. नऊहून लांब कोडांना दुसऱ्या पातळीची छोटी टेबलं.

म्हणजे एक बिटाचा कोड निम्मी जागा घेतो, दोन बिटांचा पाव, तीनचा अष्टमांश. सगळ्यांची बेरीज बरोबर एक यायला हवी. जास्त आली तर दोन कोड एकाच घरावर हक्क सांगतात, कमी आली तर घरं रिकामी राहतात. नवी तपासणी सरळ होती: बेरीज एक नाही, तर फाईल बाद.

डिबगर लावला. अक्षरांच्या आणि जुळणीच्या लांबीच्या (आधी आलेलं किती उचलायचं, त्याच्या) कोडांची बेरीज चोख एक. मग अंतरांच्या (किती मागे जायचं, त्याच्या) कोडांची यादी काढली. त्यात एकच नोंद: लांबी १. बेरीज अर्धी.

फाईलमध्ये काय आहे ते बघितल्यावर उलगडा झाला. फाईलच्या त्या तुकड्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, कोरी मेमरी होती, एकच बाइट हजारो वेळा. डिफ्लेट असा मजकूर ‘इतके बाइट मागे जा, तिथून इतके उचल’ अशा सूचनांत लिहितं. सगळे बाइट सारखे असले की सूचनाही एकच उरते: एक बाइट मागे जा, २५८ उचल. अंतर एकच, म्हणून कोडही एकच. मे १९९६ च्या आरएफसी १९५१ मध्ये, म्हणजे डिफ्लेटचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजात, याची स्पष्ट मुभा आहे: अंतराचा एकच कोड वापरात असेल तर तो एका बिटाचा असेल आणि दुसरा पर्याय वापराविना राहील. फाईल शंभर टक्के नियमात होती.

मग आमच्या ढीगभर चाचण्यांत हे आलं कसं नाही? कारण त्या सगळ्या फाईली झेडलिब या कॉम्प्रेस करणाऱ्या लायब्ररीने बनवलेल्या. झेडलिब कॉम्प्रेस करताना गरज नसली तरी किमान दोन कोड ठेवतंच. झॉप्फ्ली या तशाच दुसऱ्या साधनात तर ‘सदोष डिकोडरांसाठी’ असं फंक्शनच्या नावातच लिहून दुसरा कोड घुसडलेला आहे. इतकी वर्षं लिहिणारेच वाचणाऱ्यांना सांभाळून घेत आलेत. ग्राहकाचं साधन तेवढं दिलदार नव्हतं, इतकंच.

सहकारी म्हणाला, “तपासणी काढून टाकू या ना. आधी चालत होतंच की.”

मी त्याला अंतराच्या टेबलाचा डंप, म्हणजे घराघरात काय आहे त्याची यादी, दाखवली. हे टेबल सहा बिटांचं, ६४ घरांचं. बिट उलट्या क्रमाने येत असल्यामुळे तो एकमेव कोड सम क्रमांकाच्या ३२ घरांत बसला होता: ०, २, ४, ६... विषम घरांत मात्र आधीच्या ब्लॉकमधली अंतरं तशीच पडून होती. टेबल भरणारा लूप फक्त कोड असलेल्या घरांना शिवत होता. नियमातली फाईल विषम घरात कधी जाणार नाही, हे खरं. पण बिघडलेली जाईल.

म्हणून तपासणी ठेवली आणि अपवाद नेमका केला: फक्त अंतराच्या टेबलात, एकच कोड, तोही एका बिटाचा. उरलेल्या घरांत ‘अवैध’ खूण भरायची, म्हणजे चुकीचा बिट दिसताच डिकोडर थांबेल. अंतराचा एकही कोड नसलेला, नुसत्या अक्षरांचा ब्लॉकही नियमात बसतो. त्याचीही सोय केली.

चाचणीसाठी तीन फाईली हाताने बनवल्या: अंतराचा एकच कोड असलेली, एकही नसलेली आणि ० हवा तिथे १ हा बिट ठेवलेली. नव्या डिकोडरने पहिल्या दोन उघडल्या, तिसरी नाकारली. मग तिसरी फाईल जुन्या, तपासणी नसलेल्या आवृत्तीला दिली. तिने मागच्या ब्लॉकचं अंतर उचलून ती शेवटपर्यंत उलगडली आणि अगदी शेवटच्या सीआरसीला, म्हणजे पडताळणीच्या आकड्याला, येऊन अडकली. ती आवृत्ती अजून बऱ्याच उपकरणांत चालू होती, त्यामुळे त्याच संध्याकाळी दुरुस्तीचं दुसरं तिकीट उघडावं लागलं.