उपकारस्तुतीच्या सभेत मांडलेलं गाऱ्हाणं

उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या, रविवारी मंडळीतल्यांच्या साक्षी कशा असतात हे आपल्याला ठाऊक आहे. कुणाचं ऑपरेशन सुखरूप पार पडलेलं असतं, कुणाच्या मुलीला नोकरी लागलेली असते, कुणी पावसात घर शाबूत राहिलं म्हणून उभं राहतं. दोन-दोन मिनिटं बोलणं, शेवटी 'प्रभूचे उपकार' आणि मंडळीचं 'आमेन'. २०१८ च्या पावसाळ्यानंतर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या छोट्या मराठी मंडळीत अशीच सभा चालू होती. टेबलावर नवं भात, नारळ, केळी, तवशी, लाल भोपळे मांडलेले. उपासना संपल्यावर त्यांचा लिलाव व्हायचा होता. साक्षी निम्म्यावर आल्या असताना एक ट्रकमालक उठला आणि म्हणाला, "मला कसलेही उपकार मानायचे नाहीत."

त्याचे दोन टिपर होते, खनिजाच्या वाहतुकीवर चालणारे. खाणीवरून माल उचलायचा, जेटीवर ओतायचा, तिथून तो बार्जमधून मुरगावकडे जायचा. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. २०१२ च्या खाणबंदीतून कसाबसा सावरलेला हा माणूस दुसऱ्यांदा खाली आला. हप्ते थकले, चालक गावी परतले, दोन्ही गाड्या घराच्या मागं उभ्या. उभी गाडी म्हणजे फुकट गाडी नव्हे हे या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही: बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात, उंदीर वायरी कुरतडतात, आणि विमा आणि व्याज मात्र थांबत नाही.

"मिरजेहून देवानं आम्हाला इथं आणलं ते कशाला?" तो म्हणाला. "कर्जात बुडवून मारायलाच ना? आणि तुम्ही सगळे टाळ्या वाजवता."

मंडळीतले एक वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, ताडकन म्हणाले, "देवाच्या घरात असं बोलतात का? बसा खाली." मागून आणखी एक आवाज आला, "उपकार माना भाऊ, हातपाय धड आहेत! कितीकांना तेही नाहीत."

सभा मी चालवत होतो. अशा वेळी पाळकापुढे हे दोनच मार्ग आहेत असं वाटतं, माणसाला गप्प करायचं किंवा त्याला लगेच आभाराकडे वळवायचं. दोन्ही घातक आहेत. गप्प केलेला माणूस तक्रार सोडत नाही. तो ती घरी, नाक्यावर, जेवणाच्या ताटावर करतो आणि पुढच्या रविवारी येत नाही. 'हातपाय धड आहेत' हे उत्तर तर मला अधिक वाईट वाटतं. दुसऱ्याच्या दुःखाशी तुलना करून मानलेले उपकार लूकच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात स्वतःला नीतिमान समजणारा परुशी मानतो: मी इतर माणसांसारखा नाही म्हणून, देवा, मी तुझे उपकार मानतो. प्रभूनं ती प्रार्थना नावाजलेली नाही.

मी त्याला उभंच राहू दिलं आणि एवढंच विचारलं, "भाऊ, हे आम्हाला सांगताय ते देवाला सांगितलंत का?"

तो जरा थांबला. "मार्चपासून प्रार्थनाच केलेली नाही, पास्टर."

त्या दिवसाचं सगळं काम या एका उत्तरातून निघालं. तक्रार वाईट आणि उपकार चांगले, अशी सरळ वाटणी पवित्र शास्त्रात नाही. तिथं पाहायचं असतं की तक्रार कुणाला उद्देशून आहे. बायबलच्या गणना या पुस्तकातला ११ हा अध्याय या दृष्टीनं एकदा सावकाश वाचावा. एकाच अध्यायात दोन तक्रारी शेजारी शेजारी आहेत. मिसरातून सुटून रानात आलेले इस्राएल लोक आपापल्या तंबूच्या दाराशी रडतात, मांस मागतात, देव रोज देतो त्या मान्न्याला, त्या अन्नाला, नावं ठेवतात. ते परमेश्वराच्या कानी पडतं, पण त्याच्याकडे तोंड करून कुणी काही बोलत नाही. त्याच वेळी त्यांचा पुढारी मोशे थेट देवाला म्हणतो, या लोकांना काय मी जन्म दिला? हे ओझं मला झेपत नाही, असंच करणार असशील तर मला मारून टाक. शब्दांची धार पाहिली तर मोशेचं बोलणं लोकांपेक्षा कडक आहे. तरी त्याला शिक्षा होत नाही. देव त्याला सत्तर वडील देतो, ओझं वाटून घ्यायला. शेजाऱ्याबद्दल नाक्यावर बोलणं आणि त्याच्याच दारात जाऊन त्याला जाब विचारणं यात जितका फरक, तितकाच इथं आहे. जाब विचारायला जाणाऱ्यानं नातं अजून तोडलेलं नसतं.

हे मी मंडळीला पाचेक मिनिटांत सांगितलं. ठरलेलं प्रवचन बाजूला ठेवून योहान ११ वाचलं. लाजर मेल्यावर मार्था येशूला म्हणते, प्रभुजी, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं मरिया येते आणि तेच वाक्य बोलते. साहजिक आहे, लाजर कबरेत होता त्या चार दिवसांत दोघी बहिणींनी घरात हेच बोललं असणार. पण आता ते वाक्य त्यांनी त्याच्या तोंडावर म्हटलं. प्रभू कुणालाच रागवत नाही. तो रडतो, आणि मग कबरेपाशी पित्याचे उपकार मानतो. कशाबद्दल? लाजरच्या मरणाबद्दल नव्हे. तू माझं ऐकलंस याबद्दल. आणि तेही लाजर जिवंत होऊन बाहेर येण्याआधी.

इथं पौलाच्या इफिसकरांस पत्रातलं ५:२० पुढे करणारे लोक भेटतात, त्या दिवशीही भेटले. तिथं सर्व गोष्टींबद्दल उपकार माना असं आहे ना, मग खाण बंद पडली त्याबद्दलही मानायचे का? माझं मत स्पष्ट आहे. वाईटाला चांगलं म्हणण्याची सक्ती त्या वचनात नाही. ते वचन गीतं, स्तोत्रं गाणाऱ्या मंडळीला लिहिलेलं आहे, आणि थेस्सलनीकाकरांना पौल 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असं लिहितो. कबरेपाशी उभा असलेला प्रभू हे दोन्ही कसं जमवायचं ते दाखवतो. पोरगं गेलेल्या आईला 'याबद्दलही उपकार मान' म्हणणाऱ्यानं आधी 'येशू रडला' हे योहान ११:३५ वाचावं.

जेवणं झाल्यावर, लिलाव आटोपल्यावर, तो ट्रकमालक, त्याची बायको आणि मी हॉलच्या पडवीत बसलो. त्याच्याकडे मी एक वही दिली. हे काम कसं करायचं ते नीट सांगतो, कारण गटप्रमुखांना ते उपयोगी पडेल.

स्तोत्र १३ समोर ठेवायचं. अवघ्या सहा ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत 'कोठवर' हा एकच प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोनांत मागणी आहे आणि मागणीचं कारणही आहे. शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. माणसाला याच तीन तुकड्यांत स्वतःची प्रार्थना लिहायला लावायची. तोंडी करायला लावू नये. तोंडी प्रार्थना करताना आपले लोक सवयीनं दुसऱ्या वाक्यालाच 'तरी पण प्रभू तुझे उपकार' म्हणून मोकळे होतात.

पहिल्या तुकड्याला एकच अट आहे: प्रत्येक वाक्यात 'तू' असला पाहिजे. 'सरकारनं असं केलं', 'बँकवाले ऐकत नाहीत', 'भाऊबंदांनी पाठ फिरवली' अशी वाक्यं चालणार नाहीत. त्यानं सुरुवातीला तशीच पाच-सहा लिहिली. बहुतेक जण तशीच लिहितात, कारण तिसऱ्या माणसाबद्दल बोलणं सोपं असतं. मी ती खोडायला सांगितली नाहीत, फिरवायला सांगितली. 'बँकवाले ऐकत नाहीत' याचं 'बँकेत मी रांगेत उभा होतो तेव्हा तू कुठं होतास?' असं झालं. हे वाक्य लिहिताना पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं राहिलं. मग मात्र तो भराभर लिहीत गेला, पान उलटून.

दुसऱ्या तुकड्यात मागणी नेमकी हवी. 'आशीर्वाद दे' ही मागणी नव्हे. रक्कम, तारीख, नाव लिहायचं. त्यानं लिहिलं, 'लहान टिपर विकला जाऊ दे, म्हणजे मोठ्याचा हप्ता भरता येईल.' घरात नवरा-बायकोत हे बोलणं तोवर झालेलंच नव्हतं. विकायचं नाव काढलं की तो चिडत असे, असं त्याची बायको म्हणाली.

मग जुन्या दिवसांची गोष्ट निघाली. तो म्हणाला, खाणी चालू होत्या तेव्हा सोन्याचे दिवस होते. कुरकुरीचं हे एक लक्षण गणना ११ मध्येच आहे आणि ते सहज नजरेतून सुटतं. इस्राएलांना मिसरातली फुकटची मासळी आठवते, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवतात. विटा आणि चाबूक आठवत नाहीत, नदीत टाकलेली पोरं आठवत नाहीत. कुरकूर आठवणी निवडून ठेवते. मला काही बोलावं लागलं नाही. त्याची बायकोच म्हणाली, "सोन्याचे कसले? पाण्याच्या हंड्यावर दोनदा फडकं बदलायची मी, तांबड्या धुळीपायी. धाकट्याचा खोकला वर्षभर हटत नव्हता. पहाटे चारला जाऊन तुम्ही ट्रकांच्या रांगेत. पोरं झोपल्यावर यायचात." तो काही बोलला नाही. पण मला ते फार मोलाचं वाटलं, कारण खऱ्या उपकारस्तुतीलाही खरी आठवणच लागते. खोट्या सोन्यावर ती उभी राहत नाही.

उपकारांचा भाग मी बायकोला लिहायला दिला. त्याला नाही. त्याच्या गळी तो त्या दिवशी उतरवणं बरोबर नव्हतं. तिलाही नियम सांगितला: फक्त कालच्या सूर्योदयापासून आतापर्यंतचं लिहायचं. आपण ऊन, वारा, पाऊस, श्वास असं लिहायला लागतो, ते खरंच असतं, पण ते रोज तेच राहतं आणि आठवड्यात वही बंद पडते. मान्न्याचा हिशेब हाच होता. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, तेही रोजचं रोज. उद्यासाठी ठेवलेलं किड्यांनी भरायचं. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढं दुप्पट. उपकारही तसेच ताजे वेचायचे. तिनं तीन गोष्टी लिहिल्या: शेजारच्या बाईनं सकाळी न मागता ताज्या बांगड्यांचा वाटा दिला, दुकानदारानं उधारीच्या वहीचा विषय काढला नाही, नवरा आज उपासनेला आला.

तिसरी ओळ नवऱ्यानं वाचली आणि वही खाली ठेवली. "मी भांडायला आलो होतो," तो म्हणाला. "आलात ना," ती म्हणाली.

स्तोत्र १३ चा तिसरा तुकडा, भरवशाचा, त्यानं लिहिला नाही. "हे मला आत्ता लिहिता येत नाही, पास्टर. लिहिलं तर खोटं होईल." मी त्याला पान कोरं ठेवायला सांगितलं आणि स्तोत्र ८८ दाखवलं, जे अंधारातच संपतं, आणि तरीही स्तोत्रसंहितेत आहे. त्या स्तोत्रातला माणूस देवाला रात्रंदिवस हाक मारतो, एवढंच. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचंही तेच. जवळजवळ सगळं पुस्तकभर तो देवाशी भांडतो, मित्र देवाची बाजू सावरत राहतात, आणि शेवटी ४२:७ मध्ये देव म्हणतो, माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे. देवाची बाजू सावरायची घाई झालेल्या प्रत्येक वडिलांनी आणि पाळकानं हे वचन जवळ ठेवावं. सकाळी 'बसा खाली' म्हणणारे आमचे वडील मधेच येऊन बाजूला बसले होते. त्यांनी ते वचन दोनदा वाचायला सांगितलं.

मोशेला सत्तर माणसं मिळाली ती ओझं उचलायला, केवळ ऐकायला नव्हे. म्हणून प्रार्थना झाल्यावर उठायचं नाही, ओझं वाटायचं. त्या वडिलांची सगळी नोकरी सहकारी पतसंस्थेत गेलेली. त्यांनीच विचारलं, कर्जखात्याचा उतारा आहे का? किती हप्ते थकलेत? बँकेनं नोटीस पाठवली आहे का, आणि तिच्यावरची तारीख कोणती? हप्ते थकले की माणूस बँकेची पत्रं फोडायचंच सोडून देतो, आणि मग मुदत टळून जाते, असं ते म्हणाले. घरी न फोडलेली तीन पत्रं होती. ती त्याच संध्याकाळी फोडायचं ठरलं. लहान टिपरचं आरसी पुस्तक, विमा, फिटनेस, बँकेचा बोजा उतरवायला काय लागेल त्याची चौकशी, हे मंडळीतल्या एका गॅरेजवाल्यानं अंगावर घेतलं. त्याला कारवार आणि बेळगावकडचे गिऱ्हाईक माहीत होते. सोमवारी सकाळी दहाला बँकेत वडील सोबत जाणार होते. हप्ता लांबवून मागण्याचा अर्ज तिथंच पडवीत वहीच्या मागच्या पानावर लिहायला घेतला, रक्कम आणि तारखांसकट.