तुमच्याकडे

शनिवार, रात्री साडेअकरा

आई दमून झोपली. मी जागी. कारण सांगितलं तर कुणीही हसेल. एक शब्द अडकलाय, 'तुमच्याकडे'.

सकाळची गाडी पकडून इथल्या, जर्मनीतल्या, कोटबुसला गेलो, ब्रानित्सची बाग बघायला. वाफे, फुलं काय ती महालाजवळ. पुढे नुसतं गवत, चार-चार झाडांचे पुंजके, पाण्याची वळणं, आणि मागे वळून बघावं तर महाल दर वेळी वेगळ्याच झाडाआडून. "किती नैसर्गिक आहे गं," आई म्हणाली आणि माझ्यातली गाइड जागी झाली. नैसर्गिक कुठलं! सगळी सपाट, रेताड जमीन होती. प्युक्लर नावाच्या इथल्या सरदाराने ३० वर्षं खपून मुस्काऊला बाग केली, कर्जात बुडाला, १८४५ मध्ये ती विकली आणि साठाव्या वर्षी या वडिलोपार्जित जमिनीवर पुन्हा श्रीगणेशा केला. तळी खणली, निघालेल्या मातीचे उंचवटे केले. वाढलेली झाडं मुळांसकट गाड्यावर घालून आणली. रोपं मोठी होईपर्यंत थांबायला वय कुठे होतं?

"लागली का सगळी?" आईने विचारलं.

"बरीचशी," मी म्हणाले. जणू मीच लावली होती.

तळ्याच्या मधोमध मातीचा पिरॅमिड आहे, वेलीने झाकलेला, सध्या लालभडक. १८७१ मध्ये प्युक्लरला तिथेच पुरलं. बायको ल्युसी आधीच गेलेली, तिला १८८४ मध्ये त्याच्याशेजारी आणलं. या दोघांनी संगनमताने घटस्फोट घेतला होता. कशासाठी, तर याने इंग्लंडात जाऊन पैसेवाली बायको करावी आणि बागेचं कर्ज फिटावं! मिळाली नाही कुणी. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग मी माखबूबाचं सांगितलं. प्युक्लरने कैरोत विकत घेतलेली मुलगी, मुस्काऊला आणली, १८४० मध्ये तिथेच गेली. "तिला कुणी विचारलं होतं का?" एवढंच आई म्हणाली. ते जाऊ दे.

तर, काठावर बसलो. आईने दशम्या काढल्या. उरलेला तुकडा बदकांकडे टाकायला हात उचलला.

"अगं नको, आमच्याकडे बदकांना खायला घालत नाहीत."

"हो का? बरं. तुमच्याकडे नसतील घालत."

आवाज चढला नाही, चेहरा बदलला नाही. तुकडा परत डब्यात गेला. परतीच्या गाडीत मी मात्र दीड तास तेच चघळत होते. हिच्यासाठी रजा काढली, व्हिसाची कागदपत्रं, विमा, गुडघ्याला सोसेल अशी वाट शोधली. आणि हिने बसल्या जागी मला परकी केलं? मुलीला 'तुमच्याकडे'? हे लग्नानंतरही कधी म्हणाली नव्हती. तेव्हा तर...

आणि आत्ता वर लिहिताना दिसलं. 'आमच्याकडे' आधी मीच म्हटलंय.

'आपल्याकडे' म्हणावं तर ते सांगलीला जातं. जर्मनमध्ये ही भानगड नाही, 'आम्ही'ही 'वीर' आणि 'आपण'ही 'वीर', एकाच शब्दात सगळे मावतात. मराठीत माणूस लगेच पकडला जातो. ज्या बाईने मला 'आम्ही' आणि 'आपण' शिकवलं, तिलाच मी दाराबाहेर उभं केलं, तेही बदकांवरून. 'इथे घालत नाहीत' म्हटलं असतं तर काय बिघडत होतं? अकरा वर्षं झाली इथे, 'इथे' सुचला नाही.

येताना दुकानातून प्युक्लरच्याच नावाचं आइस्क्रीम घेतलं. स्ट्रॉबेरी, व्हॅनिला, चॉकलेट, तीन थर. "हा तर कसाटा!" म्हणून आईने सरदाराला निकालात काढलं आणि दोनदा घेतलं. बारीकसारीक काही बोलली नाही. मीही नाही.

आइस्क्रीमचा डबा धुऊन ओट्यावर पालथा घातलाय. टाकायचा नाही म्हणाली, कोथिंबिरीला होईल. कुणाकडच्या कोथिंबिरीला, ते मी विचारलं नाही.