केसर आंब्यांची अढी: मऊपणा आणि गोडी वेगवेगळी पारखली

बडोद्याच्या खंडेराव मार्केटातून यंदा गीरची केसर आणली, खांदे भरलेली, पाडाची, म्हणजे झाडावर पुरती वाढलेली. घरी आल्याबरोबर बादलीत सोडली. बुडाली ती अढीला, म्हणजे पेंढ्यात थर लावून पिकवायला. तरंगलेली, म्हणजे कोवळी, एरवी लोणच्याला जातात, पण या खेपेला त्यांतली काही खुणेसाठी देठाशी दोरा बांधून त्याच पेंढ्यात, त्याच थरांत ठेवली.

दोराबांधली फळं बुडालेल्यांच्या जोडीनंच मऊ झाली, सालही पिवळी पडली. चव मात्र पाणचट! अढी लावणाऱ्या सगळ्यांनी एकदा हे करून बघाच.

गोडी येते ती झाडावर असताना साठलेल्या स्टार्चमधून. पिकताना त्याची साखर होते. कोवळ्या फळात तो साठाच अपुरा. मऊपणाचं काम निराळं चालतं. पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं पेक्टिन, विटांमधल्या चुन्यासारखं, आणि त्याच्या लांब साखळ्या कॅल्शियमनं बांधलेल्या असतात. पिकताना पेक्टिन मिथाइलएस्टरेज हे विकर (एन्झाइम) साखळीवरचे मिथाइल गट काढतं, मग पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज आणि पेक्टेट लायेज ही आणखी दोन विकरं ती साखळी तोडतात. शिवाय एक्स्पान्सिन हे प्रथिन सेल्युलोजच्या धाग्यांची पकड सैल करतं. इतके हात लागतात, म्हणून एकाला अडवून भागत नाही: 1994 साली अमेरिकेत आलेल्या फ्लेव्हर सेव्हर टोमॅटोत पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज दाबलं होतं, तरी तो मऊ व्हायचा राहिला नाही.

या सगळ्याला सुरुवात करून देतो एथिलीन वायू. फळ तो स्वतःच बनवतं आणि एकदा सुरू झाला की आणखी बनवतं. थरातलं एक फळ पिकलं की शेजारची मागोमाग येतात ती त्यामुळे. कार्बाइडमधून निघणारा ॲसिटिलीन याच एथिलीनची नक्कल करतो. कोवळा माल त्यानं पिवळा आणि मऊ होतो, गोडी कुठून येणार? कार्बाइडवर बंदी आहे ती योग्यच, त्यात विषारी अंशही असतात.

जागेबद्दल: बडोद्याच्या मे महिन्यात वरच्या मजल्यावर अढी लावू नका. पारा 35 अंशांच्या वर राहिला तर पिकणं बिघडतं. माझी तळमजल्यावर, उत्तरेच्या खोलीत आहे. कच्चं फळ फ्रिजमध्येही नको; 12 अंशांच्या खाली त्याला थंडी बाधते आणि मग ते नीट पिकतच नाही.

आता मुरांब्याच्या राजापुरी आंब्याची वाट बघतोय. निम्म्या फोडी आधी चुन्याच्या निवळीत ठेवणार, निम्म्या तशाच. निवळीतलं कॅल्शियम पेक्टिनला पुन्हा बांधतं. पाकात किती फरक पडतो ते पुढच्या नोंदीत.